सिगिरियाचं तिकीट स्वतःच काढा

श्रीलंकेत कँडीला राहून एका दिवसात दंबुल्लाच्या गुहा आणि सिगिरियाचा कातळ बघायचा बेत असेल, तर हे आधी वाचा. आई-बाबांना घेऊन आम्ही गेलो होतो. गाडी आणि गाइडचे पैसे आधीच ठरले होते, तिकिटं वेगळी काढायची होती.

पहिला थांबा मातले. "सरकारी मसाल्यांची बाग आहे, पंधरा मिनिटं," असं गाइड म्हणाला. सरकारी वगैरे काही नव्हतं. पांढरा कोट घातलेल्या एकाने दालचिनी, मिरी, जायफळ दाखवलं. आमचं आजोळ कोकणातलं, ही झाडं आम्हाला नवी नाहीत. मग आम्हाला एका खोलीत बसवलं आणि न विचारताच आईच्या गुडघ्यांना तेल चोळायला सुरुवात केली. "महिन्याभरात जिने चढाल, आई," असं तिला सांगितलं. दुखणाऱ्या माणसाला असं सांगून पैसे काढणं मला अजूनही सहन होत नाही. एवढीशी बाटली, पण पैसे इतके की आमच्या जेवणाचं दोन दिवसांचं बजेट गेलं. शिवाय चोळणाऱ्यांना टिप वेगळी. निघेपर्यंत दोन तास झाले होते.

त्याची भरपाई दंबुल्लात झाली. तिथे पाच गुहा आहेत. पहिल्याच गुहेत खडकातून कोरलेला सुमारे 14 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, आणि पुढच्या गुहांची छतं चित्रांनी भरलेली आहेत. ते सगळं आम्हाला अक्षरशः धावत दाखवलं.

सिगिरियाला पोहोचल्यावर गाइडने चौघांचे पासपोर्ट आणि परदेशी पर्यटकांच्या पूर्ण दराने डॉलर घेतले. "रांग लागते, तुम्ही सावलीत थांबा." सार्क देशांच्या, म्हणजे भारत आणि शेजारच्या दक्षिण आशियाई देशांच्या, नागरिकांना इथे सवलतीचा दर असतो आणि त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो, हे त्याने सांगितलंच नाही. तिकिटं हातात आल्यावर नवऱ्याने त्यावरची किंमत वाचली, तेव्हा उलगडा झाला. चौघांचे मिळून साठेक डॉलर त्याने खिशात घातले होते. जाब विचारला तर म्हणे, ती सेवेची फी. बाबा शांतपणे म्हणाले, "चला, पर्यटन पोलिसांकडे जाऊन विचारू." तेव्हा पैसे परत आले.

पैसे मिळाले, पण दिवस गेला होता. पाचव्या शतकात बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यप राजाने जवळजवळ 200 मीटर उंचीच्या या कातळावर राजवाडा बांधला. मधल्या कपारीतल्या अप्सरांच्या चित्रांची तुलना नेहमी अजिंठ्याशी होते. मी लहानपणापासून अजिंठा बघत आले आहे, त्यामुळे मला त्या रेषा निवांत बघायच्या होत्या. गाइड मात्र मागून "अंधार पडेल, लवकर" म्हणत राहिला. आई-बाबा शेवटच्या चढाच्या सुरुवातीला असलेल्या सिंहाच्या भल्यामोठ्या पंजांपाशीच थांबले. वरचा राजवाडा त्यांनी पाहिलाच नाही.

म्हणून तिकीट खिडकीवर स्वतः जा, पासपोर्ट स्वतःच्या हातात ठेवा आणि सार्क दर नाव घेऊन मागा. बुकिंग करतानाच "वाटेत एकही दुकान, बाग, रत्नांचा कारखाना नको" हे मेसेजवर लिहून घ्या. श्रीलंकेत परवानाधारक गाइडकडे पर्यटन प्राधिकरणाचं ओळखपत्र असतं. ते गाडीत बसण्याआधी मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. टाळाटाळ झाली तर दुसरा गाइड बघा. आणि सकाळी आधी सिगिरिया करा, ऊन चढायच्या आत. दंबुल्ला परतीच्या वाटेवरच लागतं.