स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी, म्हणजेच स्लेड) घेताना क्रॉसओव्हर (ट्रेल आणि डोंगर दोन्हीसाठीची) घ्यावी की माउंटन स्लेड (खास डोंगरातल्या खोल बर्फासाठीची)?
बहुतेक रायडिंग सपाटीवर आणि डोंगरात कधीमधीच, तर माझं मत सरळ क्रॉसओव्हरला, म्हणजे १४६ इंची ट्रॅक (गाडी ढकलणारा रबरी पट्टा) आणि २ इंचांच्या आतबाहेरचे लग (पट्ट्यावरचे बर्फ पकडणारे उंचवटे). माउंटन स्लेडचा १६५ इंची ट्रॅक आणि ३ इंची लग खोल भुसभुशीत बर्फात भारीच, पण घट्ट ट्रेलवर तीच गाडी वळायला नको म्हणते, स्की जवळजवळ असल्याने वळणावर एका अंगाला कलते, वर कूलरवर (उडत्या बर्फाने इंजिन थंड ठेवणारा भाग) पुरेसा बर्फच उडत नाही म्हणून इंजिनचं टेम्परेचर चढत जातं (स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून कूलरवर उडवणाऱ्या सळ्या, खाली सोडायला विसरू नका). क्रॉसओव्हर पावडरमध्ये (भुसभुशीत बर्फात) रुतेल कधीतरी, फावडं काढावं लागेल, चालतंय की! उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना साधारण ३ टक्के पॉवर जाते, पण टर्बो नसेल तर ते दोघींनाही सारखंच.