टाइप रेटिंगचे पैसे भरण्याआधी आणि बॉण्डवर सही करण्याआधी हे वाचा

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात घेऊन नोकरी शोधणारी मुलं-मुली आणि त्याहून जास्त त्यांचे आईवडील मला विचारतात, अमुक कंपनी टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचे, पैसे आधी भरायला सांगते आहे, भरावेत का? प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा माझ्या बाबतीत काय घडलं ते सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव देत नाही, कारण थकबाकीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. कंपनी लहान होती आणि आता बंद पडली आहे.

200 तासांचं उड्डाण पुरं होऊन लायसन्स मिळेपर्यंत आमच्या घरावर बँकेचा बोजा चढलेला होता. त्यावर टाइप रेटिंगचे 18 लाख कंपनीकडे भरायचे होते. बदल्यात नोकरी, आणि नोकरीबरोबर पाच वर्षांचा बॉण्ड. मधेच सोडली तर दंड, आणि त्या दंडासाठी सही केलेले कोरे चेक आधीच कंपनीच्या ताब्यात. प्रशिक्षणाचा खर्च मी करतोय तर बॉण्ड कशाचा, असं मी विचारलं होतं. "सगळीकडे असंच असतं, कॅप्टन," एवढंच उत्तर मिळालं. आमच्या क्षेत्रात को-पायलटलाही पहिल्या दिवसापासून कॅप्टनच म्हणतात.

ऑफर लेटरवर महिना 1 लाख 60 हजारांचा आकडा होता. त्यात मूळ पगार 45 हजार आणि बाकीचा जवळजवळ सगळा उड्डाण भत्ता, महिन्याला 70 तास धरून काढलेला. "70 तासांची हमी आहे, उडा किंवा घरी बसा," असं मुलाखतीत छातीठोकपणे सांगितलं गेलं. पत्रात मात्र हमी हा शब्द कुठेच नव्हता. भत्ता 'कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणानुसार' मिळेल, असं एक वाक्य होतं. सुरुवातीला 70 तासांचे पैसे खरंच आले. मग एका संध्याकाळी ई-मेल आला की धोरण बदललं आहे, यापुढे जेवढे तास उडाल तेवढ्याचेच पैसे.

हे मोठ्या कंपन्यांतही घडतं. टाटांकडे गेल्यावर एअर इंडियाने एप्रिल 2023 मध्ये वैमानिकांसमोर नवा वेतनकरार ठेवला. त्यात हमीचे तास 70 वरून 40 वर आणले होते. पण तिथे दोन जुन्या संघटना होत्या. त्यांनी जाहीर विरोध केला, बातम्या झाल्या, सगळ्या देशाला कळलं. आमच्याकडे संघटना नव्हती. आमच्या बदललेल्या धोरणाची बातमी कुणाच्या बायकोलासुद्धा महिनाअखेरीलाच कळली.

संघटना का नव्हती, हेही सांगतो. पगार तासांवर आला की रोस्टर (कोण कधी उडणार याचं वेळापत्रक) बनवणारा माणूस तुमच्या पगाराचा मालक होतो. आमच्यातल्या एका सीनियर को-पायलटने सगळ्यांच्या वतीने एक पत्र तयार केलं आणि सह्या गोळा करायला घेतल्या. पुढच्या महिन्याच्या रोस्टरवर त्याच्या नावापुढे फक्त 'स्टँडबाय' होतं, ओळीने. त्याला काढलं नाही, मेमो दिला नाही, काहीही केलं नाही. नुसतं उडवलं नाही. पैसे तर गेलेच, पण 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत तर रीसन्सी, म्हणजे प्रवासी घेऊन उडण्यासाठी लागणारा ताजा सराव, जाते, आणि सहा महिन्यांची सिम्युलेटरवरची तपासणी कंपनीने लावली नाही तर दुसरीकडे अर्ज करायचीही पंचाईत होते. ते रोस्टर पाहिल्यावर उरलेल्या सह्या कुणी केल्या नाहीत. मला त्यांचा राग नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर हप्ता होता.

मग पगार लांबायला लागला. आधी पंधरवडा, मग महिना, मग दोन. एचआरवाले आम्हाला एकत्र कधीच भेटले नाहीत. एकेकट्याला बोलावायचे, चहा मागवायचे, नवा गुंतवणूकदार येतोय, सही व्हायचीच बाकी आहे, तुमचं पेमेंट पहिल्या यादीत टाकलंय, असं सांगायचे. नंतर एकमेकांत बोललो तेव्हा कळलं, पहिल्या यादीत आम्ही सगळेच होतो.

खरा धक्का जुलैमध्ये बसला, आयकर विवरणपत्र भरताना. पगारपत्रकावर दर महिन्याला टीडीएस कापलेला होता. 26एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता) उघडलं तर पहिल्या तिमाहीनंतर कंपनीच्या नावापुढे एकही नोंद नाही. पीएफचं पासबुक पाहिलं, तिथेही तेच. आमच्या पगारातून कापलेले पैसे ना आयकर खात्यात गेले होते, ना भविष्यनिर्वाह निधीत. पगार थकणं ही अडचण असू शकते, हे मी समजू शकतो. कापून घेतलेला पैसा न भरणं ही चोरी आहे. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनाही हेच भोगावं लागलं होतं. म्हणून नोकरीला लागलात की दर तिमाहीला 26एएस आणि दर महिन्याला पीएफ पासबुक बघा. आजारी कंपनीचं पहिलं लक्षण तिथेच दिसतं, पगार लांबण्याच्याही आधी. आणि आयकराची नोटीस आली तर घाबरून पुन्हा कर भरू नका. आयकर कायद्याप्रमाणे (1961 च्या कायद्यात हे कलम 205 मध्ये होतं), जो कर तुमच्या पगारातून कापला गेला आहे तो तुमच्याकडून परत मागता येत नाही. त्यासाठी पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे मात्र हवेत. ते कंपनीच्या पोर्टलवर ठेवू नका. आमचं पोर्टल एका रात्रीत बंद झालं.

"कंपनी बुडायला लागली तर बघू, तेव्हा सगळे एक होतील," असं अनेक जण म्हणतात. त्यांनी जेट एअरवेजचं उदाहरण बघावं. 2009 मध्ये तिथल्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना काढली. पुढाकार घेणाऱ्यांना कंपनीने कामावरून काढलं, तेव्हा सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. विमानं उभी राहिली आणि काही दिवसांत कंपनीला काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. त्याच गिल्डच्या वैमानिकांचे पगार 2019 च्या सुरुवातीला थकले. तेव्हा गिल्डने इशारे दिले, मुदती दिल्या, पंतप्रधानांपर्यंत मागणी नेली, हाती काही लागलं नाही. 17 एप्रिल 2019 ला शेवटचं विमान उडालं, आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे मालमत्ता विकून कायमची बंद करायचा, आदेश दिला. माणसं तीच, संघटना तीच. 2009 मध्ये विमान थांबलं की मालकाचं नुकसान व्हायचं. 2019 मध्ये थांबवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. वैमानिकाची ताकद कंपनी कमावती आहे तोवरच असते. म्हणून पहिला पगार पंधरा दिवस लांबेल तेव्हाच, सगळ्यांच्या सह्यांनी, एकाच पत्रावर लेखी मागा. एकट्याने केबिनमध्ये चहा प्यायला जाऊ नका.

दिवाळखोरीत गेल्यावर पैसे मिळतील या भरवशावरही राहू नका. दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम 53 मधली, कुणाचे पैसे आधी द्यायचे याची, रांग वाचा. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचा फक्त शेवटच्या 12 महिन्यांचा पगार धरला जातो, आणि तोही तारणी कर्ज देणाऱ्या बँकांच्या मागे.

जे आत्ता अशा कंपनीत अडकले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) 2017 च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कंपन्या याच नियमाकडे बोट दाखवून एनओसी (दुसरीकडे जायला लागणारं ना-हरकत पत्र) अडवतात. पण त्याच नियमात असंही आहे की नोटीसच्या काळात कंपनीने पगार किंवा सवलती कमी केल्या, अटी तुमच्या विरोधात बदलल्या, तर तुम्ही मुदतीआधी मोकळं करण्याची मागणी करू शकता. राजीनामा ई-मेलने द्या, त्या तरतुदीचा उल्लेख करा, प्रत डीजीसीएला पाठवा. आमच्यातल्या ज्यांनी हे केलं ते कंपनी बंद पडायच्या आधी बाहेर पडले आणि आज उडताहेत.