शेळ्यांच्या खोकल्यासाठी कल्चर तपासणी: नागपुरातील एका प्रयोगशाळेचा अनुभव

जानेवारीतील कडाक्याची थंडी आणि बाजारातून आणलेल्या चार नव्या शेळ्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या आणि कळमेश्वरजवळच्या आमच्या गोठ्यात आठवड्याभरात अकरा जनावरे खोकू लागली. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने देऊनही धाप कमी होईना, तेव्हा आमच्या पशुवैद्यकांनी नागपुरातील एका खासगी पशुरोग प्रयोगशाळेत ‘कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ तपासणी, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणारी तपासणी, करून घेण्यास सांगितले. पुढे काही उणिवांविषयी लिहिणार असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही.

पहिली खेप वाया गेली. काउंटरवर शेळीचे वय, वजन आणि माझा मोबाइल क्रमांक एवढेच विचारले गेले; जनावराला आधी प्रतिजैविक दिले आहे का, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. तिसऱ्या दिवशी ‘जिवाणूंची वाढ आढळली नाही’ एवढ्या एका ओळीचा अहवाल मिळाला. औषध सुरू असलेल्या जनावराच्या नमुन्यात जिवाणू वाढत नाहीत, असे अनेकदा घडते आणि त्यावरून जनावर रोगमुक्त आहे असा अर्थ निघत नाही, हे मला नंतर पशुवैद्यकांकडून कळले. शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले.

दुसऱ्या वेळी नुकत्याच आजारी पडलेल्या, एकही इंजेक्शन न दिलेल्या दोन शेळ्या निवडल्या. पशुवैद्यकांनी नाकपुडीच्या तोंडाशी न थांबता लांब स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) खोलवर घालून नमुने घेतले आणि मी ते बर्फाच्या डब्यातून दोन तासांत पोहोचवले. या वेळी तंत्रज्ञांनी जिवाणू वाढवलेली काचेची बशी, म्हणजे प्लेट, आपणहून दाखवली, ही या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट. रक्त मिसळलेल्या लालसर आगरवर (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर) राखाडी, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवले होते; त्यांतला एक तारेने बाजूला सारताच त्याच्या खाली रक्त विरघळून झालेली फिकट जागा दिसली. हा मॅनहाइमिया हिमोलिटिका, फुफ्फुसदाह करणारा जिवाणू. दुसऱ्या प्लेटवर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या चकतीला अगदी चिकटून जिवाणू वाढलेले होते, म्हणजे त्यांच्यावर ते औषध चालत नव्हते. आमची इंजेक्शने कुठे गेली, ते तिथे डोळ्यांनी दिसले. फ्लोरफेनिकॉल या दुसऱ्या प्रतिजैविकाभोवती मात्र जिवाणू न वाढलेले रुंद मोकळे वर्तुळ होते. त्याच औषधावर पशुवैद्यकांनी उपचार सुरू केले आणि नऊ शेळ्या सावरल्या. दोन आधीच दगावल्या होत्या.

अहवालाविषयी माझ्या तीन तक्रारी आहेत. वर्तुळांचे व्यास मिलिमीटरमध्ये दिले आहेत, पण किती व्यासाला औषध प्रभावी मानायचे ही मर्यादा प्रत्येक औषधासाठी वेगळी असल्याने ज्याचे वर्तुळ मोठे तेच औषध चांगले असे नसते, याचा उल्लेख कुठेही नाही. मी स्वतः आधी तसाच समज करून घेतला होता. दुसरे म्हणजे, यादीत कोलिस्टिन हे प्रतिजैविक अजूनही आहे, तेही ‘संवेदनशील’ असा शेरा मारून. माणसांच्या अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत या औषधाच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे, मग पशुपालकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ते छापायचे कशाला? तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. शेळ्यांच्या संसर्गजन्य फुफ्फुसदाहास कारण होणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू या नेहमीच्या प्लेटवर उगवतच नाही. त्यासाठी खास माध्यम किंवा पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) लागते, आणि त्याला पेशीभित्तिका (पेशीचे बाहेरचे कवच) नसल्यामुळे पेनिसिलीनसारखी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. ही तपासणी त्या रोगासाठी नाही, एवढी एक ओळ अहवालाच्या तळाशी असती, तर कित्येक पशुपालकांची दिशाभूल टळली असती.

एवढे असूनही पुन्हा गरज पडली तर मी तिथेच जाईन, कारण दुसऱ्या खेपेचे काम चोख होते आणि तंत्रज्ञ प्रश्नांना कंटाळत नाहीत. नमुना देताना आधीच्या औषधांची नावे व तारखा स्वतःच लिहून द्याव्यात आणि शनिवारी जाणे टाळावे. रविवारी प्लेट पाहायला तिथे कोणी नसते.