मानमोडीवरची कबुतरांची लस, दोन सीझन वापरून झाल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू कबुतरांसाठीच बनवलेल्या पॅरामिक्झोच्या (मानमोडी आणणाऱ्या व्हायरसच्या) निष्क्रिय लसीचा आहे, म्हणजे मारलेल्या व्हायरसचं इंजेक्शन. कोंबड्यांना मानमोडीवर देतात त्या लासोटा नावाच्या जिवंत लसीच्या थेंबांचा नाही. हे पहिल्यांदाच सांगते कारण दोन्हींत गल्लत फार होते, मी स्वतः तीन वर्षं कोंबड्यांचे थेंब पाण्यातून पाजत होते आणि माझ्या ढाबळीला लस झालीये असं छातीठोक सगळ्यांना सांगत होते.

मग एका पावसाळ्यात आजार आला. सुरुवात पाण्यापासून झाली, भांडं दिवसातून दोनदा रिकामं व्हायला लागलं आणि फळीवर विष्ठेऐवजी पाण्याची थारोळी दिसायला लागली, मधोमध हिरवट बारीक दोरीसारखं काहीतरी. मला वाटलं पोट बिघडलंय. पोट नव्हतं, किडन्या होत्या, हा व्हायरस किडनी आणि मेंदू दोन्हीकडे जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी माझी एक राखाडी मादी दाणा टिपायला वाकली आणि चोच दाण्याच्या बाजूला आपटली. परत वाकली, परत चुकली. दाणा समोर दिसतोय, भूक आहे, पण नेम लागत नाहीये. संध्याकाळपर्यंत तिची मान अशी पिळली की डोकं उलटं होऊन चोच आभाळाकडे. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक भिजवलेला दाणा हाताने भरवला, पुढचे कितीतरी दिवस. ती वाचली. पण सगळी नाही वाचली, आणि पिल्लं तर जवळजवळ सगळी गेली.

पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं की अहो लस तर दिली होती ना. ते म्हणाले, तुम्ही दिलेली जिवंत लस होती, तिचं कबुतरांत टिकणारं संरक्षण थोड्याच दिवसांचं आणि प्रत्येक पक्ष्यात वेगळं, शिवाय पाण्यातून दिली म्हणजे कोण किती प्यायलं काय माहीत, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर व्हायरस भांड्यातच मरतो. एवढं साधं मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती समजली की लसीची किंमत कळते. कोंबड्यांची राणीखेत उर्फ मानमोडी १९२६ पासून माहीत आहे. कबुतरांतला हा तिचाच चुलतभाऊ, पण तो १९७०च्या दशकाच्या शेवटी मध्यपूर्वेत दिसला, १९८०च्या सुरुवातीला युरोपात शिरला आणि मग शर्यतीच्या नि हौशी कबुतरांबरोबर जगभर फिरला. व्हायरस तोच पॅरामिक्झो टाइप १, पण कबुतरांत रुळलेला वेगळा प्रकार. म्हणून लस बनवणाऱ्यांनी दोन वाटा धरल्या, काहींनी जुना लासोटाच मारून त्याचं इंजेक्शन केलं, काहींनी थेट कबुतरातून मिळालेला व्हायरस घेतला. दोन्ही वाटांनी कबुतरं आजारापासून वाचतात. बनवायची पद्धत साधारण अशी की कोंबडीच्या फलित अंड्यात व्हायरस वाढवतात, अंड्यातलं द्रव काढतात, रसायनाने व्हायरस मारतात आणि मग त्यात तेल किंवा पाण्यात मिसळणारा सहायक पदार्थ घालतात, ज्याने शरीराचं त्याच्याकडे नीट लक्ष जातं. युरोपातल्या बऱ्याच देशांत शर्यतीच्या कबुतरांना ही लस सक्तीची आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता वापर. डोस लेबलप्रमाणे, माझ्या बाटलीवर ०.२ मिली होता, दुसऱ्या कंपनीचा ०.२५ पण असतो तेव्हा आपलं लेबल वाचा. टोचायची जागा नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर पक्षी हातातच जातो. कबुतराच्या मानेच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यामुळे मानेच्या वरच्या भागात किंवा बाजूला अजिबात नाही. मान जिथे पाठीला मिळते तिथे, बरोब्बर मधल्या रेषेवर, कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी झाली की सुई शेपटीच्या दिशेने आडवी आत घालायची. स्नायूत नाही, फक्त कातडीखाली. पिसं ओल्या कापसाने बाजूला केली की जागा स्वच्छ दिसते. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर पाच पक्ष्यांना टोचून दाखवलं आणि सहावा माझ्या हातात दिला, तुम्हीही असंच शिका, व्हिडिओ बघून सुरू करू नका. एकाने पक्षी धरायचा आणि एकाने टोचायचं. आणि तेलाची लस असेल तर स्वतःच्या बोटाला सुई लागू देऊ नका, लागलीच तर लगेच डॉक्टरकडे जा आणि ही तेलाची लस होती हे सांगा, थोडंसं तेल पण बोट वाईट सुजवतं.

बाटली थंड ठेवायची, २ ते ८ अंश, पण गोठवायची नाही. हे मला नुकसान सोसून कळलं. पहिली मागवलेली बाटली विक्रेत्याने थेट बर्फाला चिकटवून पाठवली होती, उघडली तर आत दोन थर, वर पाण्यासारखं आणि खाली दुधासारखं, हलवलं तरी एकजीव होईना. ती वापरलीच नाही. दुसरी दुसरीकडून मागवली आणि डबा हातात आल्याआल्या आधी बाटली उजेडात धरून बघितली. टोचायच्या थोडं आधी फ्रीजमधून बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हळू हलवा. गार लस टोचली की पक्ष्याला दुखतं आणि गाठही जास्त येते.

साइड इफेक्ट म्हणाल तर दोघांना टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली ती काही आठवड्यांत बसली, बाकीचे एक दिवस जरा गप्प होते. बस.

आणि इफेक्ट? पहिल्या सीझनला काहीच झालं नाही, पण आजारच आला नसेल तर काय सिद्ध होतं. दुसऱ्या सीझनला जवळच्याच एका ढाबळीत मानमोडी आली, त्यांचा एक चुकलेला नर दोन रात्री माझ्याकडे येऊन बसला होता, मान थरथरत होती त्याची. मी पंधरा दिवस झोपले नाही नीट. रोज सकाळी आधी फळी बघायची, पाणी दिसतंय का. माझ्या एकाही पक्ष्याला काही झालं नाही. एकाही नाही. त्या दिवसांत मला या लसीबद्दल जे वाटलं ते शब्दांत नाही येत.

पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे आजार दारात आल्यावर टोचलेली लस वेळेत पोचत नाही. लस झालेला पक्षी स्वतः सहसा आजारी पडत नाही पण व्हायरस अंगात शिरलाच तर थोडाफार बाहेर टाकू शकतो, त्यामुळे नवीन पक्षी वेगळा ठेवणं सुटत नाही. दरवर्षी डोस हवा, आणि जोड्या लावायच्या किमान महिनाभर आधी दिला तर आईकडून अंड्यातून पिल्लांनाही सुरुवातीचं कवच मिळतं. पिल्लांचं वय लेबलवर असतं, कुठे तीन-चार आठवडे कुठे पाच.

आता तो कापलेला अर्धा स्टार. बाटली पन्नास डोसची आणि फोडली की त्याच दिवशी संपवायची. ज्याच्याकडे बारा कबुतरं आहेत त्याने काय करायचं? उरलेली ओतून द्यायची? आम्ही तिघं मिळून एक बाटली घेतो आणि एकाच सकाळी उरकतो, पण सिरिंज-सुया प्रत्येक ढाबळीच्या वेगळ्या, एकाची सुई दुसऱ्याकडे नेली तर लसीबरोबर रोगही जाईल. छोटी बाटली काढा ही कंपन्यांना कळकळीची विनंती.

दुसरी गोष्ट, ही लस एकाच रोगाची आहे, याने सगळं भागत नाही. देवीसाठी वेगळी जिवंत लस असते, ती पायाची चार पिसं उपटून त्या भोकांवर ब्रशने चोळतात आणि आठवड्याभराने तिथे सूज आली की लागू पडली समजायचं, ती पण मी देते. पिल्लांच्या उलट्या-जुलाबाच्या आजारात रोटाव्हायरस आहे हे २०१६च्या ऑस्ट्रेलियातल्या साथीनंतर उलगडत गेलं आणि जर्मनीत रोटा नि पॅरामिक्झो दोन्हीची एकत्र निष्क्रिय लस निघाली पण. मला सगळ्यात जास्त वाट आहे ती सर्कोव्हायरसच्या लसीची. हा इवलासा व्हायरस, जेमतेम दोन हजार अक्षरांचा डीएनए, पण पिल्लांची प्रतिकारशक्तीच पोखरतो आणि मग साधी सर्दीही त्यांना घेऊन जाते. अडचण ही की तो प्रयोगशाळेत पेशींवर वाढवताच येत नाही, मग वाढवून मारायची जुनी पद्धत चालणार कशी. पोलंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या कवचाचं फक्त प्रोटीन बॅक्टेरियाकडून बनवून घेतलं आणि कबुतरांना टोचून बघितलं, अँटिबॉडी तयार झाल्या. डुकरांच्या सर्कोव्हायरसवर अशाच कवचाच्या प्रोटीनची लस कधीच बाजारात आलीय आणि खूप चालते, मग कबुतरांनी काय पाप केलंय? हौशी पाळणारे कमी, खप कमी, म्हणून कोणी पैसे घालत नाही असं डॉक्टर म्हणतात. वाचणाऱ्यांत कोणी या क्षेत्रात असेल तर प्लीज हे काम सोडू नका.

ती राखाडी मादी अजून आहे, घाबरली की मान जराशी वाकडी होते पण दाणा बरोब्बर टिपते. तिची या वेळची दोन पिल्लं परवा पाच आठवड्यांची होतायत, बाकी दोघांना मेसेज केलाय, शनिवारी सकाळी बाटली फोडायची.