कुळागराचा हिशेब: आकडा हवा की गुण?

सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, हा विषय इथे नाही. ते विक्रीसाठी असतं. आपण जे पाणी, जो पालापाचोळा, जी माती वापरतो ती पुढच्यांना पुरेल का, हे निदान स्वतःला तरी कळावं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे, केपे भागात वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची मिश्र बाग, सांभाळणाऱ्या नव्या मुलांकडून हा प्रश्न हल्ली बराच येतो.

मार्ग मुख्यतः दोन. पहिला फोनवर किंवा संगणकावर चालणारा कार्बन कॅल्क्युलेटर. खत, डिझेल, वीज, उत्पन्न भरा की आपल्या शेतीमुळे हवा तापवणारे वायू किती बाहेर पडतात याचा तो एक आकडा देतो. दुसरा म्हणजे ‘टेप’ (TAPE) ही प्रश्नावली, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली काढलेली. तिच्या पहिल्या मोठ्या टप्प्यात ३६ मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण. दोन्ही मी वापरून पाहिल्या आहेत. दोन्ही फुकट जमण्यासारख्या, त्यामुळे पैशाचा प्रश्न बाजूला ठेवू.

कॅल्क्युलेटरचं आधी चांगलं सांगतो. खताच्या बाबतीत तो डोळे उघडतो. युरियाची ४५ किलोची गोणी घ्या. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) सर्वसाधारण गणिताप्रमाणे त्यातलं एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक. हिशेब केला तर एका गोणीमागे साधारण ८९ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा बोजा पडतो, आणि गोणी कारखान्यात तयार होताना झालेलं उत्सर्जन त्यात धरलेलंच नाही. गंमत अशी, की याच समितीने २०१९ मध्ये पावसाळी प्रदेशातल्या रासायनिक खतासाठी तो दर १.६ टक्के सुचवला. तो धरला की तीच गोणी १४२ किलोंवर जाते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा दुसरा दर धरायला हवा. तुमच्या कॅल्क्युलेटरने कुठला धरलाय ते एकदा तपासा.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं घोडं अडलं ते पिकाच्या रकान्यावर.

‘पीक निवडा’ म्हणून यादी येते आणि तीतलं एकच निवडता येतं. आता कुळागरात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळीवर चढलेली मिरवेल, मधे माड, खाली केळी, पाटाच्या कडेला जायफळ, कुंपणाला भिरंड, म्हणजे कोकम. सुपारी निवडून एक हेक्टर लिहिलं. मग नारळासाठी पुन्हा एक हेक्टर, मिरीसाठी पुन्हा, केळीसाठी पुन्हा. एका हेक्टरचं कुळागर कागदावर चार हेक्टरांचं झालं आणि पोफळीच्या बुंध्याशी घातलेलं शेणखत चार वेळा मोजलं गेलं.

जाणकारांकडे यावर उत्तर आहे: बोजा वाटून घाला. वाटायचा कसा, तर वजनाने किंवा किमतीने. वजनाने वाटलात तर बराचसा भार नारळ-केळ्यांवर, मिरी जवळजवळ सोवळी राहते. किमतीने वाटलात तर त्याहून मजा. मिरीचा भाव चढला की मिरीचा वाटा वाढतो, आणि सुपारी आपोआप पर्यावरणस्नेही होते. बागेत एक पान हललेलं नसतं. पुढच्या वर्षी मिरी घसरली की सुपारी पुन्हा दोषी. ज्या आकड्यावरून मी पाट दुरुस्त करायचा की पंप बदलायचा हे ठरवणार, तो बाजारभावावर नाचत असेल तर त्याचं करायचं काय? पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. एकाच कारखान्यातून दोन-तीन माल निघतात तिथे ती ठीक असेल. पण कुळागरातल्या झाडांचे एकमेकांशी जे व्यवहार चालतात, सावलीचे, आधाराचे, ओलाव्याचे, ते तिच्या हाती लागत नाहीत.

पाण्याचंही तसंच. वर्षाला किती घनमीटर, असा प्रश्न येतो. पंपाचं सांगता येईल. झरीवरून पाटाने, शेजाऱ्यांशी पाळी लावून येणारं पाणी कुठल्या मीटरने मोजू? आणि वर्षाची बेरीज हवी कोणाला! जुलैत पाणी नको म्हणायची वेळ असते. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, त्या दोन महिन्यांचा वेगळा रकानाच नाही.

‘टेप’मध्ये पिकं, झाडं, जनावरं किती प्रकारची, इथूनच सुरुवात होते. म्हणजे जी गोष्ट तिकडे अडचण होती तीच इथे पहिला मुद्दा. पुढे पालापाचोळा परत मातीत जातो का, बियाणं-रोपं स्वतःची का, पाणी वाचवता का, शेजाऱ्यांकडून शिकता का. पुढच्या टप्प्यात माती हाताने तपासायची असते: ओल किती धरते, आच्छादन किती, गांडुळं दिसतात का. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड मातीवर थोडं टाकून फेस किती येतो तेही बघायचं. जास्त फेस म्हणजे सूक्ष्मजीवांची हालचाल जास्त, असा ढोबळ अंदाज. मला हा भाग आवडला, कारण घरातली मुलं आपणहून सोबत येतात.

दोष आहेतच. गुण आपणच द्यायचे म्हणजे स्वतःच पेपर लिहून स्वतःच तपासल्यासारखं. सगळ्या रकान्यांत तीन-तीन पडतात. यावर माझा उपाय, माझं कुळागर शेजाऱ्याने तपासायचं आणि त्याचं मी. तो पाटाच्या पाळीवरून आधीच थोडा नाराज असला तर गुण अधिक खरे येतात. जमिनीच्या हक्काचा प्रश्न मात्र आपल्याकडे जड जातो. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, आजोबांच्या भावंडांसकट सगळी नावं, शिवाय कुळाची नोंद असेल तर बोलायलाच नको. जमीन किती सुरक्षित, याला मी कमीच गुण दिले आणि मला वाटतं ते बरोबर आहे. जी जमीन उद्या कोणाच्या वाट्याला जाईल माहीत नाही तिथे जायफळ लावायचं धाडस कोण करतं? कॅल्क्युलेटरला हे विचारायचं सुचत नाही. बागेत शिरणारी खेती (माकडं) आणि गवे यांचा रकाना मात्र मला कुठेच सापडला नाही.

सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेबद्दल थोडक्यात. २०१५ साली आलेल्या या योजनेत १२ घटक तपासतात, पण नमुने मुळात ग्रिडप्रमाणे, म्हणजे नकाशावर चौकटी पाडून, घ्यायचे ठरले होते: बागायतीत अडीच हेक्टरांना एक, कोरडवाहूत दहाला एक. आपली कुळागरं लहान. तेव्हा नमुना आपल्याच मातीचा आहे ना, हे विचारून घ्या. पण सुपारीवाल्यांनी ती टाळू नये. कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीच्या फळकुजीसाठी, आपण दर पावसाळ्यात मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो, त्यातलं तांबं मातीत साठत जातं. कार्बनच्या आकड्यात ते दिसत नाही, प्रश्नावलीत फवारणीच्या मुद्द्याखाली अंधुक दिसतं. पत्रिकेतल्या तांब्याच्या ओळीत सरळ दिसतं.

तुमचं फक्त भात असेल, वायंगण (रब्बी) किंवा सरद (खरीप), तर मी कॅल्क्युलेटरला नाही म्हणणार नाही. एक पीक, एक शेत, शिवाय शेतात पाणी सलग किती काळ साचून राहिलं यावर मिथेन बदलतो, तो हिशेब तिथे बऱ्यापैकी जुळतो. कुणाला निर्यातीसाठी आकडाच दाखवायचा असेल त्यालाही दुसरा इलाज नाही. कुळागर असेल तर मात्र प्रश्नावलीच घ्या असं सुचवीन, जोडीला तांब्यासाठी माती तपासणी आणि विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहायला एक वही.

भरायची तर मे महिन्याच्या मध्यावर भरा. ऑगस्टमध्ये बसलात तर पाण्याच्या मुद्द्यांना चारपैकी चार पडतील.