कपाट लावून देणारी सेवा: कुर्त्यांसाठी उत्तम, साड्यांसाठी अपुरी

घरी येऊन कपाट आवरून, लावून देणाऱ्या सेवा पुण्यात आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एका छोट्या सेवेला मी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरण्यापूर्वी, बोलावले होते. त्यांनी लावलेले कपाट चार महिने वापरून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण त्याच संध्याकाळी लिहिले असते तर मी निव्वळ कौतुक केले असते आणि ते अर्धेच खरे ठरले असते.

सकाळी दहाला दोघी जणी आल्या. आमच्याकडे भिंतीत बसवलेले सनमायकाचे एक कपाट आणि सासूबाईंचे जुने लोखंडी कपाट आहे. दोन्हींतला प्रत्येक कपडा बाहेर काढून पलंगावर प्रकारवार ढीग करायचे आणि आवरायला हात लावण्यापूर्वी मोजून लिहून काढायचे, ही त्यांची पहिली पायरी होती. कुर्ते ४१ निघाले, साड्या ५७, आणि काळ्या लेगिंग्ज ९. त्यांतल्या दोन मी मागच्याच महिन्यात, घरात एकही धड नाही अशा समजुतीने विकत आणल्या होत्या. कपडे कमी पडत नसतात, दिसत नसतात, हे मला त्या यादीने जितके पटवले तितके कोणाच्या सांगण्याने पटले नसते.

या सेवेचे खरे कौशल्य मला त्यांच्या प्रश्नात दिसले. एखादा कपडा आवडतो का, असे त्या विचारत नाहीत. वर्षभरात घातला का, आणि घातला नसेल तर नेमका कशामुळे, असे विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत तो कपडा कोणत्याच ढिगात टाकू देत नाहीत. माझी उत्तरे फार किरकोळ निघाली. कुठे बटण तुटले होते, कुठे सलवारीची नाडी आत गेली होती, एका ड्रेसची ओढणी दुसऱ्याच खणात होती, आणि सर्वांत जास्त वेळा साडी उत्तम असूनही तिचे ब्लाऊज घट्ट झाले होते. असे १७ नग वेगळ्या पिशवीत घालून दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडे दिले. जुन्या शिलाईच्या ब्लाऊजमध्ये शिंप्याने माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, भरपूर सोडलेली असते, त्यामुळे बहुतेकांची शिवण उसवून अर्धा-पाऊण इंच सहज मिळाला. वर्षानुवर्षे न नेसलेल्या ११ साड्या त्या एका फेरीने पुन्हा वापरात आल्या. या सेवेकडून मला झालेला सर्वांत मोठा लाभ हाच, आणि त्यासाठी एकही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नाही.

मांडणीही रोजच्या कपड्यांपुरती उत्तम झाली. कुर्ते मखमली अस्तराच्या पातळ हँगरवर लागल्याने जागा बरीच वाचली आणि निसरड्या कापडाचे कुर्ते खाली घसरायचे थांबले. लेगिंग्ज व टी-शर्ट घडी घालून उभे ठेवण्याची त्यांची पद्धत मात्र खणांपेक्षा ड्रॉवरला साजणारी आहे. उघड्या फळीवर त्या घड्या कलंडतात, म्हणून त्यांनी वेताच्या टोपल्या सुचवल्या, ज्यांचे पैसे वेगळे पडले. टोपल्यांतली रांग माझ्या बाजूला आजही टिकून आहे. यजमानांच्या बाजूला ती पंधरा दिवसही टिकली नाही, पण तो दोष सेवेच्या माथी मारता येणार नाही.

साड्यांच्या बाबतीत मात्र या दोघींचे ज्ञान तोकडे वाटले. त्यांनी भारी साड्याही हँगरवर लावल्या. पैठणीसारख्या जड जरीच्या साडीचा सगळा भार हँगरवरच्या एका रेषेवर येतो, तिथे वळ पडतो आणि कालांतराने रेशीम तिथेच विरते. बाकीच्या साड्या पारदर्शक खिडकी असलेल्या कव्हरांत एकावर एक गच्च भरल्या. ही कव्हरे दिसायला कापडी असली तरी पॉलिप्रॉपिलीनची असतात, आणि खिडकी तर सरळ प्लॅस्टिकचीच असते. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत आत अडकलेला ओलावा जरीला काळवंडून टाकतो. आठवडाभरात मी सगळ्या रेशमी साड्या बाहेर काढल्या, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून आडव्या ठेवल्या, आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची म्हणून तारीख लिहून ठेवली. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या आहेत. डांबरगोळ्या त्यांनी थेट घड्यांत सरकवल्या होत्या, त्या काढून टाकल्या.

ओलावा शोषणाऱ्या डब्या ठेवण्याची कल्पना योग्य होती, जागा चुकीची होती. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते, ते हवेतले पाणी ओढून घेते आणि डबीत खारे पाणी साचत जाते. अशी डबी सर्वांत वरच्या फळीवर, कपड्यांच्या डोक्यावर ठेवली आणि ती लवंडली, तर खालचे रेशीम आणि लोखंडी कपाटाचा पत्रा दोन्ही खराब होतात. माझी डबी ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली सापडली. आता ती सर्वांत खाली, ताटलीत ठेवलेली असते.

टाकायचे ठरलेले कपडे घेऊन जाण्याची सोय ही सेवा देते, परंतु ते कपडे पुढे कुठे जातात याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, म्हणून मी नकार दिला. सुती साड्या गोधडीसाठी बाजूला ठेवल्या, धड कपडे कामाच्या बाईंनी निवडून नेले, आणि उरलेल्यांवर बोहारणीशी पाऊण तास घासाघीस होऊन एक स्टीलचे पातेले घरात आले. ते मावायला स्वयंपाकघरात जागा नाही, हा निराळा विषय.

सहा तासांचे ७,५०० रुपये झाले. हँगर आणि टोपल्या धरून ९,८००. कामाच्या मानाने मला ही रक्कम जास्त वाटली नाही, तथापि सामान त्यांच्याकडूनच घेण्याची सक्ती नसते, हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. मुलीच्या कपाटासाठी दिवाळीपूर्वी त्यांना पुन्हा बोलावले आहे, आणि या वेळी हँगर मी आधीच आणून ठेवले आहेत.