द यंग व्हिक्टोरिया (२००९): पोशाख अस्सल, गोळी खोटी

राजघराण्यावरचे चरित्रपट बहुधा दागदागिन्यांतच अडकतात. दिग्दर्शक जाँ-मार्क व्हाले यांचा हा चित्रपट सुरुवातीला तरी तसा अडकत नाही. जिना उतरताना कोणीतरी हात धरलाच पाहिजे, झोपायचं आईच्याच खोलीत, हे व्हिक्टोरियावरचे निर्बंध खरेच होते आणि एमिली ब्लंट ती घुसमट नुसत्या खांद्यांच्या ताठरपणातून दाखवते. तिचे काका, राजा चौथा विल्यम यांनी वाढदिवसाच्या मेजवानीत व्हिक्टोरियाच्या आईचा भर पंगतीत केलेला पाणउताराही इतिहासाला धरून आहे. हा प्रसंग जरूर पाहा, सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

सँडी पॉवेल यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच. राज्याभिषेकाचं चित्रण लिंकन कॅथेड्रलमध्ये झालंय. वेस्टमिन्स्टर ॲबेची उणीव जाणवत नाही.

गडबड होते ती उत्तरार्धात. राणीवर झालेल्या १८४०च्या हल्ल्यात तिचा नवरा अल्बर्ट याला गोळी लागलेली दाखवली आहे. प्रत्यक्षात कोणालाही इजा झाली नव्हती. प्रेमकथेला कळस हवा म्हणून केलेला हा बदल मला अजिबात पटला नाही. पंतप्रधान मेलबर्न १८३७ साली अठ्ठावन्न वर्षांचे होते. इथे ते चाळिशीचे देखणे गृहस्थ वाटतात. त्यामुळे राणीचा त्यांच्यावरचा वडीलधाऱ्यासारखा विश्वास उगाच प्रेमाच्या त्रिकोणाकडे झुकतो. १८३९चा पेचप्रसंगही घाईत उरकलाय. राणीच्या सेवेतल्या, मेलबर्न यांच्या व्हिग पक्षाच्या घराण्यांतल्या काही स्त्रिया बदला, ही विरोधी टोरी पक्षाचे नेते पील यांची मागणी तिने फेटाळली आणि त्यांनी सरकार बनवायलाच नकार दिला, एवढं आधी वाचून ठेवा, म्हणजे संदर्भ लागेल.